रुळावर गाडी आहे, एवढंच

"ते मशीन लॉक केलं की बॅकअप सुरू होतो असं तुम्ही लावलंय ना, मग त्यालाच टायमिंगही जोडून टाका की. किती वाजता उठल्या, किती वाजता परत बसल्या. महिनाअखेर एक शीट मिळालं की झालं." फोर्टमधल्या एका लहानशा हिशेबाच्या ऑफिसात चहाचा कप बशीत ठेवता ठेवता साहेबांनी हे सहज म्हटलं. आवाज खाली केला नाही, दारही लोटलं नाही. काचेच्या पार्टिशनपलीकडे ताई व्हाउचर पंच करत बसल्या होत्या, त्यांच्या की-बोर्डची टकटक आमच्यापर्यंत येत होती. मी "बघतो" म्हणालो आणि बॅग उचलून निघालो. काम म्हणाल तर पाच मिनिटांचं. आहे त्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या सूचनांच्या फाइलीत, एक ओळ वाढवायची. तरी जुना लाकडी जिना उतरून सीएसएमटीकडे चालताना ते वाक्य पायात घुटमळायला लागलं आणि घरी पोचून जेवायला बसलो तरी सुटलं नाही.

लॉकवर बॅकअप लावायची वेळ का आली, ते आधी सांगतो. मी लहान लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की बॅकअप रात्री घ्यावा, मशीन रिकामं असतं. फोर्टातल्या जुन्या इमारतींत रात्री मशीन रिकामं नसतं, बंद असतं. शेवटचा माणूस निघताना मेन स्विच खाली ओढतो आणि मगच शटर. त्या इमारतींतलं वायरिंग ज्याने पाहिलंय तो त्याला नावं ठेवणार नाही. मग सकाळी घ्यावा म्हटलं, तर सकाळ किती वाजता उगवेल हे मध्य रेल्वेवर अवलंबून. चुकलेलं काम मशीन सुरू होताच उरकून घेण्याची सोय विंडोजमध्ये आहे, पण ते नेमकं ताईंनी आल्या आल्या टॅली उघडलं की सुरू होतं. जुनी हार्ड डिस्क घरघरते, स्क्रीनवर निळं वर्तुळ फिरत राहतं आणि त्या बिचाऱ्या पर्स मांडीवर घेऊन बघत बसतात. दुपारची वेळ ठरवावी, तर जेवणाची वेळ महिन्याच्या तारखेवर बदलते. जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेला भरायचं असतं. १९ आणि २० ला डबा कधी उघडेल ते देवालाही ठाऊक नाही.

ठरल्या वेळेला काम करणारा क्रॉन नावाचा प्रोग्राम १९७०च्या दशकात युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आला आणि आजही जगभरच्या सर्व्हरवर त्याचेच वंशज राबतात. त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण तो जन्मला तेव्हाचं मशीन दिवसरात्र चालू असे. खुर्चीवर कोणी आहे की नाही हे क्रॉनला माहीत नसतं, त्याला फक्त मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार कळतो. माझ्या ऑफिसांमध्ये वेळ ठरत नाही, माणूस ठरतो. ताई आल्या, ताई उठल्या, ताई परत बसल्या, हेच तिथलं खरं वेळापत्रक.

म्हणून मी बॅकअप ताईंच्या उठण्याला बांधला. डबा खायला उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबा, एवढंच त्यांना सांगितलं. स्क्रीन लॉक झाली की दोन मिनिटं थांबून रोबोकॉपी ही विंडोजमधली फायलींच्या प्रती काढणारी सोय चालू होते आणि स्कॅन केलेली बिलं, चलनं, बँकेची स्टेटमेंट, टॅलीची रोजची बॅकअप फाइल असं बदललेलं तेवढं कपाटावरच्या लहान स्टोरेजच्या डब्यात उचलून ठेवते. त्यांनी येऊन पासवर्ड टाकला की दुसरं टास्क जागं होतं आणि पहिल्याला थांबवतं. उरलेल्या फायली पुढच्या लॉकला जातात. दोन मिनिटांची ढील मुद्दाम ठेवली आहे. पाण्याची बाटली भरून लगेच परतणाऱ्या माणसामागे मशीनने धावू नये. हे लावल्यापासून निळं वर्तुळ फिरलं नाही आणि ताईंना आत काही चाललंय याचा पत्ताही लागत नाही. असं काम जमलं की मला फार बरं वाटतं, दिवसभर बरं वाटत राहतं.

आणि त्याच कामावर साहेबांना ते शीट हवं होतं.

माझे बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. लहानपणी त्यांनी मला एकदा रिले रूममध्ये नेलं होतं. आत तेलाचा, गरम वार्निशचा आणि जुन्या कागदांचा मिळून एक वास होता. भिंतभर रॅक, त्यांत ओळीने काचेच्या तोंडाचे रिले. बाहेरून लोकलचा धडधडाट आला की आत कुठेतरी 'टक' व्हायचं, मग दुसरीकडे 'टक'. गाडी दिसत नव्हती, पण ती कुठून कुठे सरकतेय ते त्या टकटकीवरून ऐकू येत होतं. बाबांनी समजावलं होतं ते असं. रुळांचे तुकडे पाडलेले असतात, दोन तुकड्यांच्या मध्ये वीज जाऊ नये म्हणून इन्सुलेशन असतं. प्रत्येक तुकड्यात एका टोकाने थोडासा करंट सोडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला रिले तो धरून बसलेला असतो. गाडी त्या तुकड्यात शिरली की तिची चाकं आणि ॲक्सल दोन्ही रूळ जोडून टाकतात, करंट मधूनच परततो, रिले उपाशी पडून खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ साली हे शोधलं. दर तीनचार मिनिटांनी एकामागे एक बारा-पंधरा डब्यांच्या लोकल सोडायच्या, तर कागदावरच्या वेळापत्रकावर विसंबून भागत नाही. पुढची गाडी खरोखर पुढे गेली का, हे रुळाने स्वतः सांगावं लागतं.

बाबांचं एक म्हणणं मला तेव्हा कळलं नव्हतं. ते म्हणाले, या रिलेला कोणती गाडी आहे ते माहीत नाही. कसारा फास्ट की मालगाडी, उशिरा की वेळेवर, मोटरमन कोण, काही नाही. रुळावर गाडी आहे, एवढंच त्याला कळतं. आणि ते कळून तो काय करतो, तर त्या गाडीच्या पाठीवर दुसरी गाडी येऊ देत नाही. पावसाळ्यात कुर्ला-शीवला रूळ पाण्याखाली गेले की पाण्यातूनच करंट गळतो, रिले पडतो आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल राहतो. लोक वैतागतात, रुळावरून चालत निघतात. बाबा मात्र म्हणायचे, काही कळेनासं झालं तर लालच व्हायला हवं, हिरवं होऊन चालणार नाही. खंडाळ्याला फिरायला गेलो असतानाही त्यांचं लक्ष सिग्नलवर असे. त्यांचं हे प्रेम माझ्यात कधी उतरलं ते कळलंच नाही.

कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारं विंडोजचं टास्क शेड्युलर उघडलं की मला ती रिले रूम आठवते. पूर्वीच्या शेड्युलरमध्ये घड्याळाच्या जोडीला लॉगऑन, मशीन सुरू होणं आणि मशीन निवांत असणं एवढेच प्रसंग होते. विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून लॉक, अनलॉक आणि रिमोटने जोडणं-सुटणं आलं. त्यातली एक बारीक गोष्ट मला कायम खुणावते. सेशनच्या, म्हणजे माणसाच्या मशीनवरच्या बैठकीच्या, बदलांना आतून क्रमांक आहेत. समोरच्या स्क्रीनशी जोडणं १, सुटणं २, रिमोटने जोडणं ३, सुटणं ४, लॉक ७, अनलॉक ८. मधले ५ आणि ६ या यादीत नाहीत. विंडोजच्या मूळ सूचनांमध्ये ते आहेत, ५ म्हणजे लॉगऑन आणि ६ म्हणजे लॉगऑफ. लॉगऑनला शेड्युलरमध्ये वेगळा ट्रिगर, म्हणजे काम सुरू करणारा प्रसंग, दिलेला आहे. लॉगऑफला नाही. माणूस येतो तेव्हा काय करायचं याची सोय आहे, तो कायमचा उठून जातो तेव्हाची या यादीत नाही. त्यासाठी ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या नियमावलीत लॉगऑफ स्क्रिप्ट लावावी लागते, नाहीतर इव्हेंट लॉगमधल्या, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या वहीतल्या, नोंदीवर पाळत ठेवावी लागते.

इव्हेंट लॉगची वाट बरेच जण धरतात, आणि तिथे पाय घसरतो. लॉगऑनची नोंद ४६२४ या क्रमांकाची. कोणाला वाटेल, ४६२४ दिसली की माणूस आला. पण विंडोजमधली प्रत्येक सेवा स्वतः लॉगऑन करते, तीही ४६२४. शेजारच्या मशीनने शेअर केलेलं फोल्डर उघडलं, तीही ४६२४. आतला लॉगऑन टाइप वाचल्याशिवाय काही अर्थ लागत नाही. २ म्हणजे समोर बसून, ३ म्हणजे नेटवर्कवरून, ५ म्हणजे सेवा, ७ म्हणजे लॉक उघडणं, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. टाइप न बघता त्यावर काम लावलं तर ते कोणी नसतानाही दिवसभर धावत सुटतं. लॉकची ४८०० आणि अनलॉकची ४८०१ या नोंदी नेमक्या आहेत, पण काय काय नोंदवायचं ते ठरवणाऱ्या ऑडिट पॉलिसीत 'अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स' चालू केल्याशिवाय त्या पडतच नाहीत. शेड्युलरचा स्वतःचा लॉक-अनलॉक ट्रिगर मात्र या ऑडिटवर अवलंबून नाही. मी म्हणूनच तो वापरतो. आणखी एक, 'मशीन मेन्सवर असेल तरच चालव' अशी खूण नव्या टास्कवर आधीपासून केलेली असते. लॅपटॉप चार्जरला नसेल तर काम काही न सांगता राहून जातं, आणि माणूस स्क्रिप्टमध्ये दोष शोधत बसतो. ही खूण आधी बघावी.

आता साहेबांच्या शीटकडे येतो. लॉक म्हणजे नेमकं काय घडलं? स्क्रीनवर पडदा पडला, एवढंच. ताईंनी बटण दाबलं असेल, किंवा दहा मिनिटं माउस हलला नाही म्हणून मशीनने आपणहून पडदा ओढला असेल. त्या दहा मिनिटांत ताई काय करत असतात ते मी पाहिलंय. मांडीवर लाल कापडी बांधणीचं खातं घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, पेन्सिलीने बारीक खुणा करत त्या एका पार्टीची गेल्या वर्षीची नोंद शोधत असतात. फोन खांद्यात धरून कोणाला तरी चलनाचा नंबर सांगत असतात. ऑफिसातलं सगळ्यात कठीण काम स्क्रीन बंद असताना होतं. उलट स्क्रीन उघडी असणं म्हणजे माणूस कामात आहे असंही नाही. चेक जमा करायला शिपाई आला नाही म्हणून त्या घाईत स्वतः बँकेत जातात तेव्हा मशीन आपणहून पडदा ओढेपर्यंत तसंच उघडं राहतं. शीटवर मात्र बँकेच्या वाटेवरची ती मिनिटं कामात धरली जातील आणि खात्यातला शोध रिकामपणात. प्रत्येक आकडा मिनिटापर्यंत बरोबर असेल आणि पूर्ण शीट खोटं असेल.

पण तेवढंच असतं तर मला झोप लागली असती. शीट अचूक निघालं असतं तरी मी ते लावलं नसतं, हे मला ट्रेनमध्ये कळलं. लॉकचं बटण दाबायला मी ताईंना सांगितलं ते त्यांचं काम अडू नये म्हणून. त्या रोज ते न चुकता दाबतात, माझ्यावर विश्वास ठेवून. त्याच बटणावर मी त्यांच्या नकळत त्यांचा मस्टर बसवला, तर रुळावरची गाडी सांभाळायला बसवलेला रिले मोटरमनची चुगली करायला लागेल. हजेरी घ्यायला माझी हरकत नाही. दाराजवळ अंगठ्याचं मशीन लावा, आल्या-गेल्याची वही ठेवा. ते समोर असतं, ज्याची हजेरी आहे त्याला माहीत असतं. मदतीच्या वाटेने आत शिरलेली नजर वेगळी. ती एकदा कळली की माणूस लॉक करणंच सोडतो, बॅकअपही जातो आणि उघड्या स्क्रीनवर पार्ट्यांची खातीही येत्या-जात्याला दिसतात.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांना हे असंच सांगितलं, ट्रॅक सर्किटसकट. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांचे पैसे वेळेवर येतात, गणपतीत ताईंना न मागता सुट्टी देतात. २० तारखेच्या आधी काम अंगावर येतं तेव्हा त्यांना रात्र रात्र झोप नसते आणि काहीतरी हातात असावं असं वाटतं, ते मी समजू शकतो. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मग उशीर होतोय ते मला कळायचं कसं?" म्हणाले. प्रश्न खरा होता. मी म्हटलं, ताईंनाच विचारू. ताईंनी एका वाक्यात सांगितलं की पार्ट्यांकडून बिलं १५ नंतर येतात, कोणाची आली नाहीत ते एका जागी दिसत नाही, म्हणून शेवटी पळापळ होते. आता १० तारखेपासून अनलॉक केलं की उजव्या कोपऱ्यात ज्यांची बिलं बाकी आहेत त्या पार्ट्यांची नावं येतात. स्कॅनच्या फोल्डरमध्ये कोणाचं या महिन्याचं काही पडलं नाही, एवढंच स्क्रिप्ट बघते. ही यादी सकाळी नको, जेवून आल्यावर दाखवा, कारण तेव्हा पार्ट्या फोन उचलतात, हेही ताईंनीच सुचवलं. म्हणून ती लॉगऑनवर नाही, दीडनंतरच्या पहिल्या अनलॉकवर आहे. साहेबांनाही तीच यादी जाते.

बॅकअपच्या नोंदीतही एक बदल केला. रोबोकॉपीची लॉग फाइल सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ लिहिते. नीट बघितलं तर ती म्हणजे ताईंच्या उठण्या-बसण्याचीच वही, कोणी मागितली नाही तरी तयार. आता शेवटची पूर्ण प्रत कोणत्या तारखेची आणि किती फायली गेल्या, एवढं दोन ओळींत राहतं, बाकीचं काम झालं की पुसलं जातं. बॅकअप नीट आहे की नाही हे कळायला तेवढं पुरतं.

माणूस जातो तेव्हाचं काम किती गरजेचं असतं, हे मला सगळ्यात जास्त जाणवतं ते गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात. तिथे विद्यार्थ्यांसाठी उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स, टाकलेली मशीनं आहेत, सगळ्यांचं एकच खातं. परीक्षांचे फॉर्म भरायला मुलं येतात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यासाला जागा नाही, घरी प्रिंटर नाही. आधार कार्ड, जातीचा दाखला, आईच्या पासबुकाचं पहिलं पान, सही केलेला फोटो असं सगळं डाउनलोड होतं आणि तिथेच राहतं. पुढचा मुलगा बसतो तेव्हा ते त्याच्या समोर असतं. ग्रंथपाल बाई संध्याकाळी एकेक मशीन उघडून हाताने हे पुसत बसायच्या, कोणी तरी पोरीचा फोटो उचलून नेईल या काळजीने.

लिनक्समध्ये जाण्यावर काम लावता येतं, एक सोडून चार वाटांनी. पॅम या लॉगिन तपासणाऱ्या भागात सेशन बंद होताना स्क्रिप्ट चालवता येते, पण ती ओळ नको त्या फाइलीत गेली तर क्रॉनने उघडलेल्या सेशनलाही ती लागू होते आणि एखादं पोरगं फॉर्म भरत असतानाच त्याचे कागद उडतील. ती जोखीम मला नको होती. लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचा यूझर मॅनेजर शेवटचं सेशन संपलं की बंद होतो, त्यालाही काम जोडता येतं. २०१६ मध्ये सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीत लॉगआउट होताच माणसाच्या सगळ्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, मारून टाकायच्या, असं मूळ सेटिंगच ठरवलं होतं. टीमक्स आणि स्क्रीन नावाच्या, लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये रात्रभराचं काम लावून घरी जाणारे लोक खवळले आणि डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने आपल्याकडे ते सेटिंग बंद ठेवलं. माणूस गेला म्हणजे त्याचं सगळं संपलं का, यावर इतके शहाणे लोक इतकं कडकडून भांडले हे वाचून मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या वादात मी टीमक्सवाल्यांच्या बाजूचा. वाचनालयात मात्र उलट हवं होतं. मी जीडीएमची, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामची, पोस्टसेशन स्क्रिप्ट घेतली, ती सेशन संपल्यावर रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, अधिकाराने चालते. डाउनलोड, डेस्कटॉप, कचरापेटी आणि ब्राउझरचं प्रोफाइल ती जागेवर आणून ठेवते.

पण मुलं लॉगआउट करतातच असं नाही. काही जण सरळ बटण दाबून मशीन बंद करतात, कोणी प्लगच काढतो आणि पावसात गिरगावात वीज गेली तर विचारूच नका. तेव्हा जाणं घडतं आणि त्याची खबर येत नाही. म्हणून तीच साफसफाई प्रीसेशनवर, म्हणजे पुढचा कोणी लॉगिन करतानाही लावली आहे. जाताना झाली असेल तर दुसऱ्यांदा पुसायला काही उरलेलं नसतं, झाली नसेल तर बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डेस्कटॉप यायच्या आत होते. बाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला की स्क्रिप्ट मध्येच अडकली तर काय होतं. तर लॉगिन होत नाही, पडद्यावरच थांबतं, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

बाईंची एक तक्रार राहिली होती. एका मुलीने दोन तास बसून भरलेल्या अर्जाची पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्यायची विसरून लॉगआउट केलं आणि ती गेली. आता लॉगिन केल्यावर पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत एक पाटी येते, मजकूर बाईंनी लिहून दिलेला: इथे ठेवलेलं काही राहणार नाही, आपले कागद सोबत घेऊन जा. लॉगआउट दाबल्यावर डाउनलोडमध्ये काही असेल तर एकदा विचारावं, असंही त्यांचं म्हणणं आहे. ते अजून जमलेलं नाही, कारण जीडीएमची स्क्रिप्ट चालते तोवर त्या मुलीचा डेस्कटॉप बंद झालेला असतो, विचारायचं कोणाला? ते काम सेशन जिवंत असतानाच, डेस्कटॉपच्या आतून करायला हवं. या रविवारी मेगाब्लॉक आहे, मी गिरगावातच मावशीकडे मुक्कामाला आहे, तेव्हा बाईंबरोबर बसून त्याला हात घालणार आहे.